पहिलं पत्र कोणतं घ्यावं? (अमेरिकन सरकारी अधिकारी, १७८९ ते १८२५)

कोरापान

१७८९ ते १८२५ या काळातल्या अमेरिकन केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांची हाताने लिहिलेली पत्रं जमवायची आहेत. अध्यक्षांच्या वाटेला जायचं नाही, ते परवडणारं नाही. मंत्री, ट्रेझरीचे अधिकारी, पोस्टमास्टर जनरल, बंदरांवरचे जकात कलेक्टर, एवढ्यातच राहायचं आहे. पहिल्या खरेदीसाठी पंधराशे डॉलर बाजूला काढलेत आणि तीन कागद समोर आहेत.

१. ट्रेझरी डिपार्टमेंट, फिलाडेल्फिया, जून १७९७. अर्थमंत्री ऑलिव्हर वॉलकॉट यांचं दक्षिणेतल्या एका बंदराच्या जकात कलेक्टरला पत्र. एकच ताव मधोमध दुमडून चार पानं केलेली, दीड पान मजकूर, चौथ्या पानावर पत्ता. विषय जहाजावरच्या खलाशांच्या यादीचा. मजकुराचं अक्षर एक आणि सहीचं वेगळं वाटतं, पण विक्रेता 'ए.एल.एस.' (मजकूर आणि सही दोन्ही एकाच हातची असलेलं पत्र) म्हणतो. किंमत ९०० डॉलर.

२. परराष्ट्र खात्यातल्या कागदाची प्रमाणित नक्कल, १७९३, खाली 'जिओ. टेलर' अशी सही. जाहिरातीत 'स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे जॉर्ज टेलर' असं लिहिलंय. ६५० डॉलर.

३. एका सिनेटरची सही आणि वर 'फ्री' (टपाल हशील माफ) हा शब्द, पत्त्याच्या बाजूचा कापलेला तुकडा. १४० डॉलर.

यातलं काय घ्यावं? पैसे देण्याआधी काय काय तपासता येतं? आणि उद्या सरकारने कागद परत मागितला तर?

लखोटा

आधी दुसरा कागद बाद करा. जाहीरनाम्यावर सही करणारे पेनसिल्व्हेनियाचे जॉर्ज टेलर १७८१ मध्येच वारले. १७९३ च्या नकलेवर सही करणारा टेलर म्हणजे परराष्ट्र खात्याचा मुख्य कारकून, जॉर्ज टेलर ज्युनियर. नावापलीकडे दोघांचा संबंध नाही. परराष्ट्र खात्याची नक्कल म्हणून कागद खरा असेल, त्याला काही किंमतही असेल, पण ती ६५० नव्हे.

या काळात नामसाधर्म्याचे खड्डे जागोजागी आहेत. चार्ल्स ली दोन: एक क्रांतियुद्धातला सेनापती (मृत्यू १७८२), दुसरा १७९५ पासूनचा ॲटर्नी जनरल. तुमच्या पहिल्या कागदाचे वॉलकॉटसुद्धा दोन. जाहीरनाम्यावर सही वडिलांची. ते १७९७ च्या डिसेंबरात वारले, म्हणजे जूनमध्ये हयात होते, पण तेव्हा ते कनेक्टिकटचे गव्हर्नर होते. ट्रेझरीच्या पत्रावरची सही मुलाची. मुलगा १७८९ मध्ये ऑडिटर, १७९१ मध्ये कंट्रोलर आणि १७९५ पासून १८०० पर्यंत अर्थमंत्री. सहीखालचा हुद्दा, गाव आणि तारीख एकमेकांशी जुळवून पाहिल्याशिवाय नुसत्या नावावर कधीच जाऊ नका.

आता पहिला कागद. तुम्हाला जे वाटतंय ते बरोबर आहे. हा ए.एल.एस. नाही, एल.एस. आहे. पहिल्या प्रकारात मजकूर आणि सही दोन्ही त्याच माणसाच्या हातची. दुसऱ्यात मजकूर कारकुनाचा आणि सही तेवढी साहेबाची. तिसरा डी.एस., म्हणजे सनद, हुकूम, परवाना असा दस्तऐवज आणि खाली सही. ट्रेझरीचा पत्रव्यवहार प्रचंड होता, त्यामुळे कलेक्टरांना जाणारी पत्रं बहुतेक कारकूनच लिहीत. त्यात कमीपणा काही नाही. पण एकाच माणसाच्या या दोन प्रकारच्या पत्रांच्या किमतीत बराच फरक असतो, आणि ९०० ही पहिल्या प्रकाराची किंमत लावलेली दिसते. वर्णन दुरुस्त करायला सांगा, किंमत आपोआप बोलणीला येईल.

माझा कल मात्र याच कागदाकडे आहे, आणि तो मजकुरामुळे. २ मार्च १७९७ ला फ्रान्सच्या सरकारने फर्मान काढलं की ठरल्या नमुन्यातली खलाशांची यादी जवळ नसेल तर अमेरिकन जहाज कायदेशीर लूट समजलं जाईल. त्यानंतर तीन महिन्यांत एका बंदराच्या कलेक्टरला खलाशी-यादीबद्दल अर्थमंत्र्याचं पत्र जातंय! पत्राच्या माथ्यावर 'सर्क्युलर' असं लिहिलंय का पाहा. असेल तर तोच मजकूर प्रत्येक बंदराला गेलेला असणार, म्हणजे जगात त्याच्या अनेक खऱ्या प्रती असू शकतात. तसं असेल तर किंमत थोडी उतरते, पण दुसरी प्रत कुठे सापडली तर मजकूर ताडून पाहता येतो.

तिसरा तुकडा घेऊ नका. पत्राचा पत्ता कापून सही वेगळी केली की उरलेलं पत्र आंधळं होतं आणि तुकडा मुका. १९ व्या शतकातल्या सह्यांच्या हौशीने अशी असंख्य पत्रं नासली. १४० डॉलरमध्ये थोडी भर घातली तर कमी प्रसिद्ध काँग्रेस सदस्याचं अखंड पत्र मिळतं, पत्ता, 'फ्री' आणि लाखेच्या खुणेसकट.

भिंगवाला

लखोटा यांनी लिहिलंय त्याला पूर्ण दुजोरा. तपासणीचं सांगतो. बहुतेक जण आधी सही बघतात आणि तिथेच फसतात, कारण बनवणाराही सगळी मेहनत सहीवरच घेतो. कागद उलटा करा. पाठ आधी.

त्या काळात पाकिटं जवळजवळ नव्हतीच. टपाल हशील तावागणिक होतं, त्यामुळे पाकीट म्हणजे आणखी एका तावाचा भुर्दंड. म्हणून तावच दुमडून लखोटा करायचा, एक बाजू दुसरीत खुपसायची आणि लाख किंवा कणकेची पातळ टिकली लावून बंद करायचा. ज्याला पत्र आलं तो ते उघडताना बहुधा फाडायचाच. त्यामुळे खऱ्या पत्राच्या शेवटच्या पानाच्या कडेला भोक किंवा फाटकी जागा असते आणि हरवलेला तुकडा समोरच्या बाजूला लाखेखाली चिकटून राहिलेला असतो. पत्र पुन्हा जुन्या घड्यांवर (जोर न करता) दुमडून बघा: भोक आणि लाख एकमेकांवर बसली पाहिजेत. हे जुळलं तर निम्मं काम झालं.

मग पाठीवरची नोंद. कलेक्टरकडे पत्र पोचलं की ते अरुंद पट्टीसारखं दुमडून, वर कोणाचं, कधीचं, कधी मिळालं एवढं लिहून गठ्ठ्यात बांधत. ही नोंद तिसऱ्याच हाताची असते, शाईही वेगळी असते आणि ती त्या पट्टीच्या घडीत सरळ बसते. घडीच्या रेषेवर आडवीतिडवी चढलेली नोंद दिसली तर थांबा.

हशिलाकडेही बघा. १७९२ च्या कायद्यापासून ३० मैलांपर्यंत ६ सेंट आणि ४५० मैलांपलीकडे २५ सेंट असे दर होते, तावागणिक. १७९९ मध्ये टप्पे बदलले, सगळ्यात कमी दर ४० मैलांपर्यंत ८ सेंट झाला. १८१५ च्या फेब्रुवारीपासून साधारण चौदा महिने या दरांवर पन्नास टक्के युद्ध-अधिभार होता. अर्थमंत्र्याच्या टपालाला मात्र हशील माफ होतं. पत्त्याच्या बाजूला नाव आणि हुद्दा लिहायचा, 'फ्री' लिहायचं, झालं. म्हणजे तुमच्या वॉलकॉट पत्रावर १७ किंवा २५ असा आकडा दिसला तर त्याचं कारण विचारावं लागेल. काहीच टपालखूण नसेल तर लगेच घाबरू नका, ट्रेझरीची पत्रं इतर कागदांच्या पुडक्यातून किंवा जहाजाच्या कप्तानाबरोबरही जात.

गाव आणि तारीख. सरकार १७९० पर्यंत न्यूयॉर्कला, मग १८०० पर्यंत फिलाडेल्फियाला, नंतर वॉशिंग्टनला. पिवळ्या तापाच्या साथीत कचेऱ्या हलायच्या: १७९९ च्या उन्हाळाअखेर आणि शरदात खात्यांची पत्रं न्यू जर्सीतल्या ट्रेंटनहून लिहिलेली मिळतात. म्हणून 'ट्रेंटन' बघून पत्र खोटं ठरवू नका, आणि १७९८ चं पत्र 'सिटी ऑफ वॉशिंग्टन'च्या ट्रेझरीतून आलं असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

कागद उजेडासमोर धरा. हाताने केलेल्या जुन्या कागदात बारीक रेघा जवळजवळ आणि त्यांना काटकोनात साधारण अडीच सेंटीमीटरवर जाड रेघा दिसतात. १७९० च्या दशकात रेघा नसलेला, विणीसारखा सपाट कागदही बराच वापरात आला, तेव्हा रेघा नाहीत म्हणून बाद करू नका. जलचिन्ह असेल तर टिपून घ्या. इंग्लंडचा व्हॉटमन कागद अमेरिकेत खूप चालायचा, आणि १७९४ नंतर इंग्लिश कागदाच्या जलचिन्हात साल येऊ लागलं. जलचिन्हातलं साल पत्राच्या तारखेनंतरचं निघालं की विषय संपला. हे कागद चिंध्यांच्या लगद्याचे, त्यामुळे ते आजही लवचीक असतात. लाकडाच्या लगद्याचा, कडा पिवळट-तपकिरी होऊन तुकडे पडणारा कागद या काळाचा असूच शकत नाही.

आता भिंग, दहापट पुरतं. शाई मायफळ, हिराकस आणि डिंकाची. ती धाग्यांत शिरते, वर बसत नाही. पिसाची लेखणी मऊ, ती कागदात चर पाडत नाही. पोलादी टाकाची दोन टोकं दाबाखाली फाकतात आणि भिंगातून रेषेच्या दोन्ही कडांना समांतर चर दिसतात. पोलादी टाक सर्रास झाले १८२०-३० नंतर. १७९७ च्या सहीत असे चर म्हणजे धोक्याची घंटा. दुसरं, बुडवणीचा ताल: लेखणी बुडवली की पहिले दोन-तीन शब्द गडद, मग फिकट होत जातात, मग पुन्हा गडद. हा चढउतार शब्दांच्या ओघात कुठेही येतो. बनावट लेखनात दर शब्दाला शाई सारखीच असते, नाहीतर अक्षराच्या मधोमध हात थांबलेला दिसतो.

घडी जिथे अक्षरावरून जाते ती जागा सगळ्यात बोलकी. आधी लिहिलं आणि मग दुमडलं तर घडीवर शाई झिजते. जुन्या दुमडलेल्या कागदावर नंतर लिहिलं तर मोडलेल्या धाग्यांत शाई फुटते, पिसासारखी पसरते. फिलाडेल्फियाचा पुस्तकविक्रेता रॉबर्ट स्प्रिंग १९ व्या शतकात वॉशिंग्टनचे परवाने आणि चेक बनवायचा, तो जुन्या पुस्तकांची कोरी पानं वापरायचा आणि कॉफीच्या चोथ्याने रंगवायचा. १९३० च्या दशकातला जोसेफ कोझी याचा हात तर इतका सफाईदार होता की त्याने केलेले फ्रँकलिनचे पगार-हुकूम अजून बाजारात फिरतात. म्हणून कडाही बघा: तीन कडा जुन्या आणि एक ताजी कापलेली, शिवणीची भोकं, ही पुस्तकातून काढलेल्या पानाची लक्षणं.

शेवटी अतिनील दिवा, ३६५ नॅनोमीटरचा. कागद निळापांढरा चमकला तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर आलेली उजळ करणारी रसायनं आहेत. हिराकशी शाई या उजेडात काळीभोर दिसते, फिकट झालेली अक्षरंही वाचता येतात. खोडलेल्या जागा आणि नंतर चिकटवलेले तुकडेही उघडे पडतात.

कोरापान

दोघांचेही मनापासून आभार. विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे आणि उजेडासमोरचे फोटो मागवले. माथ्यावर 'सर्क्युलर' नाही. जलचिन्ह 'जे व्हॉटमन', साल दिसत नाही. पत्त्याच्या बाजूला 'ट्रेझरी डिपार्टमेंट', 'फ्री' आणि वॉलकॉट यांची सही आहे, म्हणजे एकाच तावावर दोन सह्या. पाठीवरची नोंद 'मिळालं' म्हणून सतरा दिवसांनंतरची तारीख दाखवते. आतली सही मजकुरापेक्षा गडद आहे. भोकाची जागा मात्र मागून पांढऱ्या कागदाने चिकटवलेली आहे. या गडद सहीचं आणि ठिगळाचं काय समजायचं?

भिंगवाला

सतरा दिवस फिलाडेल्फियाहून दक्षिणेच्या बंदराला अगदी बसतात. सालाशिवायचं व्हॉटमन जलचिन्ह १७९४ नंतरही मिळतं, शिवाय तावाच्या एकाच अर्ध्यावर चिन्ह येऊ शकतं, तेव्हा दुसऱ्या अर्ध्याचाही फोटो घ्या.

गडद सही अपेक्षितच आहे. कारकुनाने कचेरीच्या दौतीतून लिहिलं आणि साहेबाने वेगळ्या वेळी, वेगळ्या दौतीतून सही केली. हिराकस आणि मायफळाचं प्रमाण प्रत्येक दौतीत वेगळं, त्यामुळे दोनशे वर्षांत रंगही वेगळा झाला. उलट आतली सही आणि 'फ्री'जवळची सही ताडून बघा. त्या बहुधा एकाच बसणीतल्या असतात, त्यामुळे रंग, लेखणीची रुंदी आणि वळण जवळजवळ सारखं हवं. दोन्ही एकसारख्या पण हुबेहूब नाहीत, असं असेल तर उत्तम. हुबेहूब असतील, अगदी एकावर एक बसतील इतक्या, तर गिरवलेल्या आहेत. कोणाचीही सही दोनदा तंतोतंत सारखी येत नाही.

वॉलकॉट यांचे खाजगी कागद हार्टफर्डला कनेक्टिकट हिस्टॉरिकल सोसायटीत (२०२३ पासून नाव 'कनेक्टिकट म्युझियम ऑफ कल्चर अँड हिस्टरी') आहेत, त्यातले नमुने समोर ठेवा. पुढे टिमोथी पिकरिंगकडे वळलात तर त्यांचे कागद बॉस्टनला मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. पहिले युद्धमंत्री हेन्री नॉक्स यांचा प्रचंड संग्रह न्यूयॉर्कच्या गिल्डर लेहर्मन संग्रहात. वॉशिंग्टन, ॲडम्स, जेफर्सन, मॅडिसन, हॅमिल्टन, फ्रँकलिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार असेल तर नॅशनल आर्काइव्ह्जचं (केंद्र सरकारच्या दप्तरखान्याचं) 'फाउंडर्स ऑनलाइन' हे संकेतस्थळ आधी उघडा. मजकुरातलं एखादं दुर्मीळ वाक्य टाकून शोधा. प्रत्येक पत्राखाली मूळ प्रत कुठे आहे आणि ती कोणत्या प्रकारची आहे हे दिलेलं असतं. ज्याला पत्र पाठवलं त्याच्याकडे गेलेली प्रत एखाद्या ग्रंथालयात सुखरूप असेल आणि तुम्हाला तीच विकायला काढली असेल, तर समोर छापील प्रतिकृती आहे किंवा चोरीचा माल.

प्रतिकृतींचं थोडं जास्त सांगायला हवं. १९ व्या शतकातल्या चरित्रांत थोरामोठ्यांची पत्रं शिळाछापाने छापून घालत, ती पानं सुटी होऊन फिरतात आणि तो कागदही आता खरोखर जुना आहे. भिंगाखाली त्यांची शाई सगळीकडे एकसारखी सपाट दिसते, दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथेही ती गडद होत नाही. कागदाच्या मागे शाईचा मागमूस नसतो.

जेफर्सन यांच्या बाबतीत आणखी एक गुंता. ते १८०४ पासून पॉलिग्राफ वापरत, म्हणजे एका लेखणीबरोबर दुसरी लेखणी हलायची आणि दोन मूळ प्रती एकदम तयार व्हायच्या. त्याआधी दाबयंत्रावर ओल्या पातळ कागदावर पत्राचा ठसा घ्यायचे, तो पातळ कागद उलट्या बाजूने वाचायचा. हे सगळे ठसे खरेच, पण ती त्यांच्याकडे ठेवलेली प्रत, पाठवलेलं पत्र नव्हे. त्यांची सहीही लक्षात ठेवा: 'टी' आणि 'एच' ही दोन अक्षरं, पुढे विसर्गासारखी दोन टिंबं, मग आडनाव. पूर्ण 'थॉमस' लिहिलेलं दिसलं तर सावध.

हिराकस

ठिगळाचं उत्तर माझ्याकडे. पांढरा कागद म्हणजे आधीच्या मालकाने केलेली डागडुजी. ती खळीने केली असेल तर तशीच राहू द्या. चिकटपट्टी असेल तर ती हळूहळू पिवळी पडून चिकटा कागदात उतरतो, तेव्हा ती कागदसंवर्धन करणाऱ्याकडूनच काढून घ्यावी. घरी पाणी, वाफ, पेट्रोल यातलं काही लावू नका. हिराकशी शाईला पाणी म्हणजे वैरी: शाईतलं न जुळलेलं लोह ओलाव्याबरोबर सरकतं, अक्षराभोवती तपकिरी कडं पसरतं आणि तिथला कागद कुजायला लागतो. अक्षर आरपार दिसायला लागलं, मग तडकलं, मग त्याचा आकारच गळून पडला, असा हा क्रम आहे. जाड रेषांपासून, शाईचा थेंब साचलेल्या ठिकाणांपासून सुरुवात होते. मोकळं लोह आहे का ते बॅथोफेनँथ्रोलीन लावलेल्या चाचणीपट्टीने कळतं, पट्टी गुलाबी झाली की आहे. डागडुजी लागलीच तर जपानी पातळ कागद आणि अगदी कमी ओलाव्याने चिकटणारं जिलेटिन, हा आजचा रिवाज आहे.

ठेवण्याचं साधं आहे. पॉलिएस्टरचं, दोन कडा उघड्या असलेलं आवरण, त्याबाहेर आम्लरहित फोल्डर, मग पेटी. पीव्हीसीचं आवरण कधीच नको. लॅमिनेशन तर मुळीच नको. पत्र उलगडून सपाट ठेवा, रोज घडी घालू-उघडू नका. आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांमध्ये आणि मुख्य म्हणजे स्थिर, तापमान १८ ते २० अंश. भिंतीवर लावायचं असेल तर मूळ पत्राऐवजी उत्तम रंगीत प्रत लावा. मूळ लावायचंच असेल तर उजेड ५० लक्सच्या आत आणि काही महिन्यांपुरताच. हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून पत्र हाताळा. सुती हातमोजे घालू नका, त्यांत बोटाला कागदाची कड कळत नाही आणि फाटकी टोकं अडकतात. जवळ फक्त पेन्सिल.

लाख असेल तर पेटीत पत्रावर पत्र रचू नका. लाख वरच्या कागदावर ठसा उठवते आणि स्वतःही तडकते.

दप्तरदार

सरकारने परत मागण्याचा प्रश्न राहिलाय, आणि पहिल्या कागदासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ढोबळ नियम असा: अधिकाऱ्याने खाजगी माणसाला पाठवलेलं पत्र त्या माणसाचं, पुढे त्याच्या वारसांचं. कचेरीला आलेलं आणि कचेरीच्या दप्तरात लागलेलं पत्र सरकारचं. पाठीवरची नोंद कागदाचा खरेपणा सांगते, तशीच ती तो कोणाच्या दप्तरात होता हेही सांगते. म्हणजे ती तुमच्या बाजूनेही लागते आणि विरुद्धही. तुमचं पत्र कलेक्टरला हुद्द्याने आलंय, म्हणून मालकीची साखळी, म्हणजे कागद आजवर कोणाकोणाकडे होता, ते विचाराच.

दुसरी बाजूही आहे. त्या काळी कलेक्टर पद सोडताना कागद घरी नेत, घरच्यांनी ते पिढ्यानपिढ्या जपले, विकले. १८८९ च्या कायद्याने तर खात्यांना निरुपयोगी कागद काढून टाकायची रीतसर वाट मिळाली. नॅशनल आर्काइव्ह्जची स्थापनाच १९३४ ची. त्यामुळे कलेक्टरांना आलेली ट्रेझरीची पत्रं बाजारात उघडपणे विकली जातात. पण एखादा कागद संग्रहातून चोरीला गेलाय हे सिद्ध झालं तर मध्ये कितीही मालक होऊन गेले तरी तो परत जातो. हॅमिल्टन यांनी जुलै १७८० मध्ये फ्रेंच सेनापती लाफायेतला लिहिलेलं पत्र मॅसॅच्युसेट्सच्या राज्य दप्तरखान्यातून दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास चोरीला गेलं होतं. ते २०१८ मध्ये लिलावाला आलं आणि २०२१ मध्ये अपील कोर्टाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. नॉर्थ कॅरोलायनाने १९७७ मध्ये, पुढे जाहीरनाम्यावर सही केलेल्या विल्यम हूपर यांच्या सहीची १७६० च्या दशकातली दोन आरोपपत्रं अशीच परत मिळवली, कारण ती कोर्टाच्या दप्तरातली होती. उलट १९५३ मध्ये सेंट पॉलच्या एका घराच्या माळ्यावर लुइस-क्लार्क मोहिमेतल्या विल्यम क्लार्क यांच्या टिपा सापडल्या, तिथे केंद्र सरकारचा दावा १९५८ मध्ये फेटाळला गेला.

म्हणजे करायचं काय: नॅशनल आर्काइव्ह्ज हरवलेल्या कागदांची यादी स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवते, ती बघा. पत्रावर ग्रंथालयाचा शिक्का, पेन्सिलीत लिहिलेला पेटी-क्रमांक, खरवडलेला किंवा रसायनाने धुतलेला कोपरा आहे का ते अतिनील दिव्याखाली बघा. जुन्या लिलावाच्या यादीत हे पत्र आलं असेल तर ते पान मागा.

युद्धखात्याच्या पत्रांबद्दल एक वेगळी गोष्ट. ८ नोव्हेंबर १८०० च्या आगीत त्या खात्याचं जवळजवळ सगळं दप्तर जळालं. मग जानेवारी १८०१ ला ट्रेझरीत आग, ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिशांनी राजधानी जाळली, आणि १८३३ मध्ये ट्रेझरी पुन्हा जळाली. त्यामुळे नॉक्स, पिकरिंग, मॅकहेन्री या युद्धमंत्र्यांनी बाहेर पाठवलेली जी पत्रं ज्यांना गेली त्यांच्याकडे राहिली, कित्येकदा तीच एकमेव प्रत आहे. १७८४ ते १८०० चं ते दप्तर जगभरच्या संग्रहांतून गोळा करून ऑनलाइन पुन्हा उभं केलं गेलंय. तिथे नसलेलं पत्र तुमच्या हाती लागलं तर त्याचे स्वच्छ फोटो त्यांना द्या. पत्र तुमच्याकडेच राहील आणि वाचायला सगळ्यांना मिळेल.

लखोटा

दप्तरदारांचा सल्ला माना. पंधराशेत आणखी काय बसतं तेही सांगतो, म्हणजे एकाच पत्रावर अडून राहायला नको.

जाहीरनाम्यावर सही करणारा हवाच असेल तर विल्यम एलरी बघा. ते १७९० पासून १८२० मध्ये वारेपर्यंत ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टचे जकात कलेक्टर होते. तीस वर्षांची कचेरी, म्हणून कागद भरपूर. बटन ग्विनेटशी तुलना करा: तो मे १७७७ मध्ये द्वंद्वयुद्धातल्या जखमेने गेला, त्याच्या हातचं फार थोडं उरलं, आणि २०१० मध्ये त्याच्या सहीचं एक पत्र ७,२२,५०० डॉलरला गेलं. दोघांच्याही सह्या त्याच जाहीरनाम्यावर आहेत.

जोसेफ नॉर्स हे तर या छंदातलं माझं सगळ्यात आवडतं नाव. १७८९ ते १८२९ सलग ट्रेझरीचे रजिस्ट्रार, सहा अध्यक्षांच्या हाताखाली. सही स्वच्छ, हिशेबाचा मजकूर नेमका, आणि किंमत मंत्र्यांपेक्षा बरीच खाली. पोस्टमास्टर जनरलमध्ये हॅबरशॅम, ग्रेंजर, मेग्ज. टपालाचं आकर्षण असेल तर यांची पत्रं घ्याच, कारण नवा टपालमार्ग, घोडेस्वाराचा ठेका, पोस्टमास्टरची नेमणूक असे विषय त्यांत येतात.

अध्यक्षाची सही कधी घ्यावीशी वाटली तर जमिनीच्या सनदांकडे जा, पण तारीख बघून. २ मार्च १८३३ च्या कायद्याने अध्यक्षाच्या वतीने सचिवाने सनदेवर सही करायची सोय झाली. त्यानंतरच्या सनदांवर अध्यक्षाचं नाव असतं, सही मात्र सचिवाची. जॅक्सन यांच्या नावाची नंतरची सनद 'जॅक्सन यांची सही' म्हणून गळ्यात मारतात ती हीच.

आता वॉलकॉट पत्राबद्दल. भोक मागून चिकटवलेलं असल्यामुळे हरवलेला तुकडा लाखेखाली आहे का, याचा जवळून फोटो मागा. दोन सह्यांचे मोठे फोटो शेजारी शेजारी मागा. साखळीबद्दल लेखी विचारा. हे तिन्ही नीट आलं तर बोलणी करा. आणि पैसे देण्याआधी पावतीवर हे शब्द येऊ द्या: 'ऑलिव्हर वॉलकॉट ज्युनियर, अर्थमंत्री, यांच्या सहीचं पत्र, मजकूर कारकुनाच्या हातचा, पत्त्याच्या बाजूला 'फ्री' आणि दुसरी सही, एक दुमडलेला ताव, लाखेच्या जागी दुरुस्ती, खरेपणाची हमी मुदतीविना, मालकीवर दावा आल्यास पूर्ण रक्कम परत.' विक्रेत्याने 'ए.एल.एस.' काढायला नकार दिला तर कागद खरा असला तरी सोडून द्या.

कोरापान

फोटो आले. तुकडा लाखेखाली आहे, कडा भोकाशी जुळतात. दोन सह्यांमध्ये 'डब्ल्यू'चं पहिलं वळण वेगळं आहे, बाकी लेखणी आणि रंग एकच. साखळीत एका जुन्या लिलावयादीचं पान मिळालं, त्यात वर्णन 'एल.एस.' असंच आहे. विक्रेता वर्णन बदलून ५७५ डॉलरला द्यायला तयार झालाय. पावतीचा मजकूर पाठवलाय, त्याची सही होऊन आली की पैसे देतो.